ले-आऊटमधला तान्हा पोळा: तोरणापासून बोजाऱ्यापर्यंत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात सकाळी मारबत (वाईटाला हाकलण्यासाठी काढलेल्या पुतळ्यांची मिरवणूक) निघते आणि संध्याकाळी पोट्टे लाकडी बैल ओढत रस्त्यावर येतात. मारबतीला गर्दी बोलवावी लागत नाही. वस्तीतला तान्हा पोळा मात्र भरवावा लागतो. मानेवाड्याकडच्या आमच्या ले-आऊटात (प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत) आम्ही सहा जण हे काम अकरा वर्षांपासून करतोय. पहिल्या वर्षी बारा मुलं होती, मागच्या वर्षी सत्तर झाली. दर ऑगस्टात कुणाचा तरी फोन येतो, "ताई, आमच्याकडेही भरवायचा आहे, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितेय.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. हा सण मुलांचा आहे. नागपुरात त्याची सुरुवात दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळापासून (१७८८ ते १८१६) सांगतात. महाल भागातल्या सीनियर भोसला पॅलेसमधला भला मोठा लाकडी बैल त्या दिवशी आजही पूजला जातो. मोठ्या पोळ्याला खरी बैलजोडी तोरणाखाली उभी राहते, तिथे लेकरांना कोण पुढे जाऊ देणार? म्हणून त्यांच्या उंचीचा, त्यांच्या हातात मावणारा बैल आला आणि त्यांचा वेगळा पोळा झाला. पुढचा प्रत्येक निर्णय घेताना स्वतःला एवढंच विचारा की यात मुलाला काय मिळतंय. स्टेज किती मोठं, पाहुणा कोण, बॅनरवर कुणाचा फोटो, हे प्रश्न मग आपोआप मागे पडतात.

महिनाभर आधी: माणसं आणि वही

समिती पाच ते सात जणांची पुरते. त्यात निदान दोन बाया, एक कॉलेजातला पोरगा किंवा पोरगी, एक निवृत्त माणूस आणि ज्याच्याकडे मालवाहू गाडी आहे असा एक जण हवा. निवृत्त माणूस यासाठी की परवानगीच्या कागदांसाठी दिवसा चकरा मारायला बाकी कुणाला सवड नसते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव अशा पाट्या लावू नका. कामं वाटा: जागा आणि कागद एकाकडे, पैसे दोघांकडे मिळून, खाऊ एकाकडे, मुलांची यादी एकाकडे.

मुलांची यादी हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि बहुतेक ठिकाणी तेच राहून जातं. वही घेऊन घरोघरी जा. मुलाचं नाव, वय, घरात बैल आहे की नाही, एवढं लिहा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकून भागत नाही. भाड्याच्या खोलीत राहणारं कुटुंब, बांधकामावर राखण करणाऱ्याची लेकरं, कोपऱ्यातल्या इस्त्रीवाल्याची मुलगी, यांतलं कुणीच त्या ग्रुपवर नसतं. आमच्या वहीत पहिल्या वर्षीपासून त्यांची नावं आहेत, आणि सगळ्यात आधी रांगेत येऊन उभी राहतात ती हीच मुलं.

निमंत्रण मराठीत आणि हिंदीत, दोन्हीत द्या. आपल्या वस्त्यांत अर्धी घरं हिंदी बोलतात आणि अनेक घरांत पोळा ठाऊकच नसतो. तान्हा पोळा म्हणजे काय, मुलाने काय आणायचं, किती वाजता यायचं, हे चार ओळीत लिहा. पूजेचा भाग पंधरा मिनिटं आधी आणि वेगळा ठेवा. ज्या घरांना पूजेत भाग घ्यायचा नाही त्यांची मुलं थेट मिरवणुकीला येतात आणि कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. आमच्याकडे बौद्ध, मुस्लिम, जैन, सगळ्या घरांतली लेकरं बैल ओढतात, ती या एका साध्या व्यवस्थेमुळे.

तीन आठवडे आधी: जागा आणि कागद

मैदान कुणाचं आहे ते आधी शोधा. ले-आऊटमधली मोकळी जागा महानगरपालिकेची असू शकते, नागपूर सुधार प्रन्यासची (नासुप्र) असू शकते किंवा सोसायटीची स्वतःची. मनपाची असेल तर आपल्या झोन कार्यालयात अर्ज द्यायचा. नागपुरात दहा झोन आहेत, आपला कोणता ते मालमत्ता कराच्या पावतीवर बघा. जागा नासुप्रची असेल तर त्यांच्या विभागीय कार्यालयात जा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. ही प्रत त्या दिवशी खिशात असली पाहिजे.

माईक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचं १०० मीटरचं अंतर शांतता क्षेत्रात येतं. खरं सांगायचं तर तान्ह्या पोळ्याला एक हातातला माईक आणि एक बॉक्स पुरतो. डीजेचा विषय निघाला की मी वहीतली तीन-चार वर्षांच्या मुलांची नावं वाचून दाखवते. एवढ्याशा लेकरांच्या कानाशी तो आवाज कशाला?

मिरवणूक ले-आऊटच्या आतल्या गल्ल्यांतूनच फिरवा. मुख्य रस्ता ओलांडायचा असेल तर वाहतूक पोलिसांना आधी कळवावं लागतं, आणि छोट्या चाकांचे बैल घेतलेली सत्तर मुलं रस्ता ओलांडायला किती वेळ घेतात याचा अंदाज एकदा ओलांडल्यावरच येतो. आम्ही दुसऱ्या वर्षी तो घेतला आणि पुन्हा कधी तिकडे गेलो नाही.

विजेसाठी महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या, किंवा जवळच्या घरातून त्यांच्या संमतीने आणि युनिटचे पैसे देऊन वायर ओढा. आकडा टाकू नका. ओल्या मैदानात मुलं अनवाणी असतात. वायर जमिनीवरून नेऊ नका, बांबूवरून वरून न्या, आणि जोड आला तिथे टेप गुंडाळून तो डब्यात बंद करा.

बिछायत केंद्रवाल्याशी याच आठवड्यात बोलून ठेवा. तान्ह्या पोळ्यानंतर तीन-चार दिवसांत गणपती बसतात, तेव्हा उशीर केलात तर मंडपाचा एक बांबूही मिळायचा नाही. त्याला हे सांगा: वीस बाय तीसचं छत, चार सतरंज्या, दोन टेबलं, तोरणासाठी दोन खांब. खुर्च्या फक्त म्हाताऱ्या माणसांपुरत्या.

पैसे

आम्ही घरटी २०० रुपये घेतो. साठ घरांचे १२,००० होतात. त्यातले ३,५०० बोजाऱ्याला, म्हणजे पोळ्याला मुलांना द्यायच्या भेटीला (सत्तर मुलं, प्रत्येकी ५० रुपयांची वस्तू), ४,००० छत आणि माईकला, २,५०० खाऊला. उरलेले २,००० पावसासाठी बाजूला ठेवतो. ज्या घराला देणं जमत नाही तिथे पावतीपुस्तक न्यायचंच नाही, त्यांच्या मुलाचं नाव वहीत असतंच.

वर्गणी ले-आऊटच्या बाहेर, दुकानांतून, लोकांकडून जाहीरपणे गोळा करणार असाल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१-क वाचा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी घ्या. पावतीवर अनुक्रमांक, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, आणि दोन सह्या हव्यात. एखादा पुढारी सगळा खर्च उचलायला तयार असतो. त्याचे आभार माना आणि बाकीच्या घरांइतकेच, २०० रुपये घ्या. खर्च एकाचा झाला की पोळाही त्याचा होतो.

एक आठवडा आधी: बैल सजवण्याचा रविवार

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, आणि ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी बाकी काही गाळावं पण हा रविवार गाळू नये.

सागवानाचा चांगला बैल महाग पडतो. पोळ्याच्या आधी महाल-इतवारीच्या रस्त्यांवर लाकडी बैल मांडलेले असतात. बोटाएवढ्यापासून गुडघ्यापर्यंतचे, आणि काही तर आत मूल बसेल एवढे. ज्यांना घेणं शक्य आहे त्यांनी सुताराने हाताने घडवलेला घ्यावा, तो तीन पिढ्या टिकतो. ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे बैलांची पेटी आहे. मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला गेलेल्या घरांत माळ्यावर बैल पडून असतात. आम्ही दारोदार जाऊन ते मागितले आणि एका जुन्या पत्र्याच्या पेटीत ठेवले. ज्याच्या नावापुढे वहीत "बैल नाही" असं लिहिलेलं असतं त्याला या रविवारी पेटी उघडून हवा तो निवडू द्यायचा. मोठ्याने नाव पुकारून द्यायचा नाही. सगळेच बैल सतरंजीवर मांडलेले असतात, घरचे आणि पेटीतले मिसळून. कुणाचा कुठला हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग दुरुस्ती. चाक डगमगत असेल तर खिळा बदला आणि खिळ्याच्या डोक्याखाली वायसर घाला, म्हणजे लाकूड खात नाही. शिंग तुटलं असेल तर लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून जोडा, रात्रभर सुतळीने आवळून ठेवा. जुना रंग पॉलिश पेपरने घासून काढायचा, मग ऑइल पेंटचा पातळ हात. हे काम मोठ्यांनी शनिवारीच करून ठेवा म्हणजे रविवारी मुलांच्या हातात कोरडा बैल येईल.

सजावट मुलांनीच करायची. जुन्या साडीच्या काठाची झूल सुंदर होते. बैलाच्या पाठीवर कागद ठेवून माप घ्यायचं, कापड चारी बाजूंनी बोटभर जास्त कापायचं आणि कडेला लोकरीचे गोंडे शिवायचे. शिंगांना बेगड गुंडाळताना टोकाकडून बुडाकडे यायचं, नाहीतर ती सुटते. गळ्यात घुंगरं किंवा कवड्यांची माळ, कपाळावर छोटं बाशिंग, नाकात सुतळीची वेसण आणि हातात धरायला कासरा. कासरा मुलाच्या कमरेपर्यंत पोचेल एवढाच ठेवा, लांब ठेवला की मिरवणुकीत एकमेकांत अडकतो. थर्माकोल आणू नका, प्लॅस्टिकच्या माळाही नकोत. २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहेच, शिवाय सुतळी, लोकर आणि कापडाने सजलेला बैल पुढच्या वर्षीही तसाच निघतो.

याच रविवारी मुलांना झडती शिकवा. विदर्भातल्या पोळ्यात तोरणाखाली उभं राहून झडत्या म्हणतात, एकाने चार ओळी टाकायच्या आणि सगळ्यांनी शेवटी "हर बोला हर हर महादेव" म्हणायचं. मानेवाडा, सोमलवाडा, जयताळा ही सगळी एकेकाळची गावं, आणि त्यांच्या गावठाणात अजूनही शेती केलेले आजोबा भेटतात. त्यांना दहा मिनिटं बोलवा. खांदमळणीच्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद कशी चोळायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असं बैलाला कसं म्हणायचे, हे त्यांच्या तोंडून ऐकताना मुलं अगदी गप्प बसतात. मग मुलांना सांगा, आता तुमची झडती तुम्हीच करा. आमच्या दहा वर्षांच्या एका पोरीने केलेली ही:

चिखलात रुतला बैलाचा पाय,
रस्त्याच्या खड्ड्याला म्हणावं काय!
नळाला पाणी, झाडाला पान,
बैलोबा आमचा वस्तीची शान!

तिने ही म्हटल्यावर पहिला जोरदार "हर हर महादेव" मागे उभ्या असलेल्या बापमाणसांनी केला.

तो दिवस

मारबतीच्या दिवशी बहुतेक वर्षी जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते. सकाळी इतवारी-महाल भागात काळी आणि पिवळी मारबत बघायला गर्दी लोटते, रस्ते अडलेले असतात. त्यामुळे फुलं, आंब्याची पानं, खाऊ यांतलं काहीही त्या दिवशी आणायला तिकडे जायचं नाही. सगळं आदल्या दिवशी घरात हवं. माणसं दुपारी तीनला मैदानात, मुलं चारला, पूजा सव्वाचारला, तोरण साडेचारला. साडेसहाला सगळं आटोपलेलं असलं पाहिजे.

तोरण म्हणजे दोन खांबांमध्ये बांधलेली आंब्याच्या पानांची दोरी. ते मुलांच्या उंचीला बांधा, जमिनीपासून साधारण चार फुटांवर. त्याखाली बैलांची रांग, लहान मुलं पुढे, मोठी मागे. प्रत्येक दहा मुलांमागे एक मोठं माणूस. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या की रांग लावायला पाच मिनिटं लागतात, नाहीतर अर्धा तास.

गावात तोरणाखालून आधी जायचा मान पाटलाच्या जोडीचा. आमच्याकडे तो मान सगळ्यात जुन्या बैलाला आहे. दरवर्षी विचारायचं, कुणाचा बैल सगळ्यात म्हातारा? तीन वर्षांपूर्वी एका मुलाने पणजोबांचा बैल आणला. रंग पूर्ण उडालेला, पुढचं एक चाक मूळचं आणि बाकीची तीन बदललेली, पाठीवर कुणीतरी लहानपणी चाकूने कोरलेलं नावाचं पहिलं अक्षर. तो मुलगा आणि त्याचा आजा दोघांनी मिळून कासरा धरला. आजाने तोरण ओढलं, पानं खाली पडली आणि पोळा फुटला.

पाहुणा बोलवायचाच असेल तर तोरण त्याच्यासाठी थांबवू नका. एका वर्षी आम्ही थांबवलं. पाहुणे दीड तास उशिरा आले, तोवर पावसाची सर येऊन गेली होती. वॉटरकलरने रंगवलेल्या बैलांचा रंग मुलांच्या नव्या कपड्यांवर उतरला होता आणि चार-पाच लेकरं रडत घरी गेली होती. त्या मुलांच्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊन मी माफी मागितली. तेव्हापासून वेळ झाली की तोरण फुटतं, समोर कोणीही असो वा नसो.

पोळा फुटला की मुलं घरोघरी बोजारा मागायला जातात. इथे घरांशी आधी बोलून ठेवावं लागतं. एका घरी शंभराची नोट आणि शेजारच्या घरी गोळी असं झालं की मुलांची धाव नोटेच्या घराकडे लागते आणि गोळीवाल्या आजीच्या दारात कुणी थांबत नाही. आमच्याकडे ठरलेलं आहे: प्रत्येक घरातून पाच रुपयांचं एक नाणं, त्याहून जास्त नाही. सुटी नाणी आठवडाभर आधी बँकेतून आणून घरोघरी बदलून द्यायची. दाराशी आलेल्या बैलाच्या पायावर पाणी घालायचं, हळद-कुंकू लावायचं, मग नाणं. बैल घेऊन आलेल्या मुलांनाही पाणी विचारा, तहानलेली असतात.

खाऊ साधा ठेवा. आदल्या दिवशी घरोघरी पुरणपोळी झालेली असते, कुणालाच जड खायची इच्छा नसते. मुरमुऱ्याचा चिवडा आणि मोतीचुराचा लाडू पळसाच्या द्रोणात. चिवड्यात कांदा-लसूण घालू नका आणि खाऊ सूर्य मावळायच्या आत वाटा, कारण त्या दिवसांत श्वेतांबर जैन घरांत पर्युषण चालू असतं आणि त्यांची मुलं हात मागे घेऊन उभी राहिलेली बघवत नाहीत.

पाऊस गृहीतच धरा. जवळच्या घराचं पार्किंग किंवा समाजभवन आधी विचारून ठेवा, आणि छताखाली सगळी मुलं मावतील याची शनिवारी खात्री करा. प्रथमोपचाराची पेटी टेबलावर ठेवा आणि ११२ व १०८ हे दोन नंबर मोठ्या अक्षरांत तिथेच चिकटवा.

खरी बैलजोडी आणायची का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. माझं मत नको असं आहे. गर्दी, माईक आणि दिवे यांत ते जनावर बिथरतं, आणि आसपास लहान मुलं असतात.

बक्षिसं

पहिली तीन वर्षं आम्ही "सर्वोत्कृष्ट बैल" असं एकच बक्षीस ठेवलं होतं. तिसऱ्या वर्षी ते बाजारातून दिव्यांसकट सजवून आणलेल्या मोठ्या बैलाला मिळालं. स्वतः मातीचा बैल करून, गेरूने रंगवून आणलेला एक मुलगा तो बैल तिथेच मैदानात ठेवून निघून गेला आणि पुढच्या वर्षी आला नाही. तो दोष पूर्णपणे आमचा होता. तेव्हापासून किंमत दिसेल असं कोणतंच बक्षीस नाही. स्वतःच्या हाताने शिवलेली झूल, स्वतः रचलेली झडती, शेतकऱ्याचा वेष (धोतर, बंडी, पागोटं, खांद्यावर चवाळं), धाकट्या भावंडाला सोबत घेऊन चाललेलं मूल, यांना शाबासकी. परीक्षक म्हणून आठवी-नववीतली मुलं बसवतो. बक्षीस सगळ्यांना तेच, जे समितीच्या बोजाऱ्यात सगळ्यांना मिळतं: वही, रंगपेटी आणि एक रोप.

दुसऱ्या दिवशी

सकाळी सात वाजता मैदान झाडायला सगळी समिती. द्रोण आणि आंब्याची पानं ओल्या कचऱ्यात, सुतळ्या वेगळ्या. खांबांचे खड्डे बुजवा. पुढच्या अर्जाच्या वेळी झोन कार्यालयातला माणूस मागच्या वर्षीचे खड्डे विसरलेला नसतो. हिशेब आठवड्याच्या आत कागदावर लिहून ले-आऊटच्या फलकावर लावा, उरलेल्या रुपयापर्यंत.

मग पेटी. रविवारी कोणता बैल कुणाला दिला ते वहीत असतं. परत मागायला घरोघरी जायचं नाही, पेटी फक्त मैदानातल्या कडुनिंबाखाली उघडी ठेवायची आणि संध्याकाळी बंद करायची. मागच्या वर्षी आम्ही चौदा बैल दिले होते. रात्री मोजले तर सोळा निघाले.